काकवी लावलेलं मटण

निघोजे, चाकण
रविवार, १२ जानेवारी २०२५

चि. सौ. पुनम हिला सासूचा लई लई आशीर्वाद.

आमी समदे बरे हाय. समदे म्हणजे मी आन गोरक्ष, दुसरं हाय कोण. तुझ्या कंपनीतला रणजीत उद्या तिकडं चीनला निघालाय, त्याच्या हाती ही चिठ्ठी देते. फोनवरच बोलले असते, पर फोन धरून तुझा नवरा उभा ऱ्हातो. त्याच्यापुढं काय बोलणार.

आज त्यानं घरी डुकराचं मटण केलं. तू तिकडं खातीस ना, चिनी पद्धतीचं, तसंच. दचकू नगं, घरची रीत मोडली न्हाई. मी माळकरी, म्हणून समदं बाहेर आंगणातच. फिटर माणूस तो, जुन्या पिंपाला वेल्डिंग करून भट्टीच केली. कालच मटणाला लसूण, मध, चक्रीफूल आन ते काळं सोया सॉस चोळून ठिवलं व्हतं. आज आकड्याला अडकवून निखाऱ्यावर टांगलं. मी पदर नाकाला लावून ओट्यावर बसले. उठून आत जाता आलं असतं, पर गेले न्हाई.

एरवी शिफ्टवरनं येतो, जेवतो, झोपतो. आज मातुर तोंड थांबंना बाई. "आई, तिकडं दुकानात अशी रांगच टांगत्यात. पुनम म्हणती, रंग लालभडक यायला पायजे." रंग काय येईना. शेवटी मीच उठले, फडताळातली काकवी काढून दिली. म्हटलं, हे लाव. लागलं की चकाकायला. माळ घातल्यापासनं मटणाच्या भांड्याकडं बघितलं न्हवतं मी, आन आज शिकवाया गेले.

मग एकटाच जेवाया बसला. दोन घास खाल्ले आन ताट तसंच धरून ऱ्हायला. "बरं झालंय, पर पुनमनं चाखायला पायजे व्हतं," म्हणाला.

पुनम, मला रणजीतकडनं समजलंय. कंपनी तुला आणखी दोन वर्सं ठिवतीया, नवऱ्यालाबी आणा म्हणतीया, आन ह्यानं आईचं कारण सांगून न्हाई म्हटलं. दोघांनी मिळून माझ्यापासनं लपवलंत. लई राग आला व्हता. माझं एवढं ओझं झालंय का, असं वाटलं. आज त्याला त्या भट्टीपुढं बघितलं आन राग गेला.

माझं म्हणशील तर गुडघा दुखतोय. पर शेजारी गोजाबाई हाय, खोल्यांमधली भाडेकरू पोरं हायेत, हाक मारली की येत्यात. रातच्याला भ्या वाटंल, खोटं कशाला बोलू. पर त्याचा जीव तिकडं लागलाय, हितं नुसता शिफ्टी करतोय.

'जा' असं मला त्याच्या तोंडावर म्हणवत न्हाई. आज म्हणाया गेले तर रडूच आलं, मग धूर डोळ्यात गेला म्हटलं. तवा ते तूच म्हण. आईला विचारलंस का म्हणंल, तर सांग, आईच माझ्या मागं लागलीया.

हितं एकटी ऱ्हायला तयार झालेली,
तुझी सासू गवराबाई