प्रत्येक चुकीमागे अर्धा मार्क

४ ऑगस्ट, सोमवार, सकाळी ७.१०
आजपासून सेमिस्टर. कोर्स पॉलिसी तयार आहे. अकरा पानं. गेल्या वर्षी दोनच होती, म्हणून पोरं डोक्यावर बसली. या वर्षी एकेकाला सुतासारखा सरळ करतो. डिस्क्रीट मॅथ्स म्हणजे काय टाइमपास वाटला?

नऊ वाजून पाच मिनिटांनी दार बंद. मोबाइल दिसला की जप्त. उशिरा आलेली असाइनमेंट केराच्या टोपलीत. ट्रॅफिक, ताप, चुलतबहिणीचं लग्न, कुठलंही कारण चालणार नाही. गेल्या वर्षी एकाचे तीन आजोबा वारले होते. नियम ६: पहिल्या तासानंतर या नियमांत काडीचाही बदल होणार नाही.

आणि नियम १७. माझ्या नोट्समध्ये जो चूक दाखवेल त्याला प्रत्येक चुकीमागे अर्धा इंटर्नल मार्क. पंधरा वर्षं घासूनपुसून केलेल्या नोट्स आहेत. शोधा म्हणावं! शोधायला म्हणून तरी वाचतील मेले.

४ ऑगस्ट, संध्याकाळी
एचओडी अनुसूया मॅडमना पॉलिसी दाखवली. म्हणाल्या, सतराव्या नियमाला वरची मर्यादा घाला, जास्तीत जास्त पाच मार्क वगैरे. डोकं फिरलं. मर्यादा घालायची म्हणजे चुका आहेत असं मीच कबूल करायचं. मी म्हटलं, मॅडम, शून्याला मर्यादा कशाला? त्या फक्त सरी म्हणाल्या. इथल्या कन्नडमध्ये सरी म्हणजे बरं असतं, पण त्या कशा म्हणाल्या ते मला कळतं.

मात्र एक गोष्ट झाली. माझ्या नोट्सचं पुस्तक डिपार्टमेंट छापणार! मॅडमची सही नोव्हेंबरात. त्यांचं म्हणणं, पहिली आठ प्रकरणं बाजारातल्या कुठल्याही पुस्तकात मिळतात, नववं आहे म्हणून छापायचं. नववं म्हणजे माझं लेमा, छोटंसं प्रमेय. माझ्या पीएचडीतलं, माझं स्वतःचं. एचएसआर लेआउटमधल्या एका डिझायनरला कव्हर करायला सांगून टाकलं.

६ ऑगस्ट, बुधवार
पहिला तास. बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास एकाच जागी उभा होतो. पोचलो ९.१२ ला. साठ पोरं शांतपणे घड्याळाकडे बघत होती. नियम विद्यार्थ्यांसाठी आहेत असं स्पष्ट लिहायला हवं होतं. आता लिहिता येणार नाही. ट्रॅफिक हे कारण नसून वस्तुस्थिती आहे, असं मी त्यांना सांगितलं.

१८ ऑगस्ट, सोमवार
पहिली चूक. पान ३. रिकामा संच प्रत्येक संचाचा उपसंच असतो, तिथं मी घटक असतो असं लिहिलंय. म्हणजे टायपिंग. पवित्रा नावाची मुलगी घेऊन आली. निपाणीची. माझ्याशी मराठीत बोलते. सर, हे चुकलंय की हो, म्हणाली. मोठ्या मनाने अर्धा मार्क दिला, वर्गासमोर, टाळ्या वाजवून. एखादी चूक असलेली बरी. माणूस माणसासारखा दिसतो.

१९ ऑगस्ट, मंगळवार
उरलेले एकोणसाठ जण पान ३ घेऊन आले. जो दाखवेल त्याला असं मीच लिहिलंय. पहिल्यांदा दाखवेल असं लिहायचं राहिलं. हरामखोर आहेत सगळे! दिले अर्धे अर्धे. आता बास.

१ सप्टेंबर, सोमवार
आजवर सत्तावीस चुका. टायपिंगच्या. बहुतेक.

पुरवणी काढून नोटीस बोर्डवर लावली. १७अ: स्पेलिंग धरणार नाही. १७ब: एक चूक एकालाच. १७क: चूक सिद्ध करून दाखवावी लागेल. दुपारी पवित्रा आली. म्हणाली, सर, नियम सहाप्रमाणे नियम बदलत नाहीत, मग अ, ब, क आलं कुठनं? आणि पॉलिसीचा कागद तुम्ही नोट्सनाच स्टेपल केलाय, तेव्हा ही पण नोट्समधलीच चूक झाली की हो.

मी तिला बाहेर जा म्हणालो. ती गेली. पाच मिनिटांनी मला तिला बोलावून अर्धा मार्क द्यावा लागला, कारण मुद्दा बरोबर होता. तर्कशास्त्र मीच शिकवतो ना! त्या कार्टीला माझ्याच हत्यारानं माझा गळा कापायला मीच शिकवलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
आज वर्गात पाय ठेवायला जागा नव्हती. शंभर टक्के हजेरी. दुसऱ्या सेक्शनची पोरं मागे उभी. एकाच्याही हातात मोबाइल नाही, सगळ्यांच्या हातात पेन्सिल. वीस वर्षांत असा वर्ग पाहिला नव्हता. शिस्त म्हणतात ती ही! मॅडमनी दारातून डोकावून पाहिलं. बघा म्हणावं.

घरी आल्यावर नीलिमाला सगळं सांगितलं. ती लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, अहो, ते शिकायला येतात की तुम्हाला तपासायला? पंचवीस वर्षांच्या संसारात या बाईनं एकदा तरी नुसतं छान म्हणावं. जेवलो नाही. नंतर दहीभात खाल्ला.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
संताप संताप संताप.

गेटसमोर यल्लाप्पाचं झेरॉक्सचं दुकान आहे. माझ्या नोट्स तो बारा वर्षं विकतोय. आज गेलो तर काउंटरवर दुसरं एक पुस्तक, स्पायरल बाइंडिंग केलेलं: 'पद्मनाभ सर मिस्टेक्स'. अनुक्रमणिकेसकट. मी ओरडलो. तो म्हणाला, सर, नोट्सपेक्षा हेच जास्त जातंय, तुम्हाला एक कॉपी फ्री देतो. वर म्हणाला, स्वल्प ॲडजस्ट माडी सर, थोडं चालवून घ्या.

ॲडजस्ट! कॉपी आणली. मुळीच वाचणार नव्हतो. बसमध्ये वाचली. पान १४ वरची मलाही माहीत नव्हती. पण नववं प्रकरण कोरं आहे. त्याखाली लिहिलंय, चूक सापडली नाही. सापडणारही नाही! आठ प्रकरणं गेली खड्ड्यात, ती तर सगळ्यांचीच असतात. नववं माझं आहे. कव्हरही आलंय, निळ्यावर पांढरी अक्षरं, 'डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स विदाउट डाउट'. झक मारली सगळ्यांनी.

२९ ऑक्टोबर, बुधवार
एक्झाम सेक्शनमधून फोन. वर्गाची इंटर्नल्सची सरासरी पन्नासपैकी एकोणपन्नास कशी काय? मी म्हटलं, शिकवणं. पलीकडून सरासरी पुन्हा एकदा वाचून दाखवली.

सोमवारी मॅडमची सही. चुका सगळ्या दुरुस्त करून दिल्यात, त्यासाठी यल्लाप्पाची कॉपी थोडीफार उपयोगी पडली. हे कोणाला सांगायचं कारण नाही.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार, दुपारी ३
पवित्रा आली. हातात एक कागद. नववं प्रकरण, म्हणाली.

माझं लेमा साधं आहे. माझ्या दोन अटी पाळणारा कुठलाही ग्राफ घ्या, म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. जोडलेल्या ठिपक्यांचा रंग एक येऊ द्यायचा नाही. मी म्हणतो, तीन रंग पुरतात. तिनं तेरा ठिपक्यांचा ग्राफ काढून आणलाय आणि म्हणते, इथं पुरत नाहीत सर, मी तीन दिवस बसलेय.

हसलो मी. मोठ्यानं हसलो. म्हटलं, बाळ, हे लेमा तीन परीक्षकांनी तपासलंय, तू तिसऱ्या सेमिस्टरला आहेस. आण तो कागद, सोमवारी रंगवून देतो. उद्धट कार्टी. पाच मिनिटांचं काम आहे.

२ नोव्हेंबर, रविवार, सकाळी ११
पाच मिनिटांचं नाही. दिवाणखान्यातल्या व्हाइटबोर्डवर काढलाय. लाल, निळा, हिरवा मार्कर. बारा ठिपके होतात. तेरावा राहतो.

दुपारी १.३०
वेगळा ठिपका राहतो.

संध्याकाळी ५
जेवलो नाही. नीलिमा बराच वेळ मागे उभी होती. मग ड्रॉवरमधून काळा मार्कर काढून समोर ठेवला आणि हळूच म्हणाली, हा आहे की अजून एक. मी खेकसलो तिच्यावर. मार्कर आहे की नाही हा प्रश्नच नाहीये! ती चहा ठेवायला गेली. चूक तिची नव्हती.

संध्याकाळी ६.४०
अटी पुन्हा तपासल्या. तिचा ग्राफ दोन्ही पाळतो. सगळ्या शक्यता संपल्या. चहा गार झाला.

पण हे कोणाला कळायचं कारण नाही. मॅडम काही ठिपके रंगवत बसणार नाहीत. मुलीला अर्धा मार्क देऊन गप्प करायचं, सही घ्यायची, पुस्तक छापून घ्यायचं. दुसऱ्या आवृत्तीत बघू. ठरलं.

३ नोव्हेंबर, सोमवार, दुपारी १२
मॅडमच्या केबिनमध्ये होतो. पुस्तकाची प्रत समोर, मॅडमच्या हातात पेन. तेवढ्यात पवित्रा दारात. कागद न्यायला आली होती. मी घाईघाईनं म्हटलं, तुझा अर्धा मार्क दिला, जा आता.

ती म्हणाली, नको सर, माझे पन्नास सप्टेंबरातच पुरे झाले.

मी विचारलं, मग ही मगजमारी कशाला केलीस?

म्हणाली, नववं प्रकरण फार आवडलं होतं की हो. पाठ केलं होतं. मग म्हटलं, एकदा स्वतः करून बघावं. चेष्टा करत नव्हती, खरंच अडली होती. म्हणाली, सर, एकच विचारायचं होतं. परीक्षेत तुमचं लिहायचं की बरोबर लिहायचं?

मॅडमचं पेन कागदावर टेकलेलं होतं. त्या माझ्याकडे बघत होत्या. तोंडात पहिलं उत्तर तयार होतं, माझं लिही. गेले तीन महिने मी ज्या आवाजात बोलतोय, त्या आवाजात.

बरोबर लिही, म्हटलं.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं, पुस्तक बाजूला सरकवलं आणि तिला बसायला खुर्ची दिली.