चोळीबांगडीचं मैदान

मी, सौ. द्वारकाबाई मानसिंग घाडगे, वय चौसष्ट, काम शेती व दूधधंदा, राहणार कळंब, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे, हा कागद राजीखुशीने लिहून ठेवते. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डोकं मात्र ठिकाणावर आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही की फूस लावलेली नाही.

१. दोन्ही म्हशी आणि गोठा सून संस्कृती हिला द्यावा. मुलगा युवराज कधी धारेला बसला नाही, त्याने हक्क सांगू नये. माझ्या पाटल्या नात छकुलीच्या.

२. देवघरातला कप तिथून उचलावा. तो कॉलेजच्या फुटबॉल संघाने यंदा जिंकला. माझे पती मानसिंगराव कॉलेजातून निवृत्त झाले तरी त्या संघाला फुकट शिकवतात. कॉलेजात कपाट होईपर्यंत म्हणून त्यांनी तो नरसिंहाच्या टाकापुढे मांडला आहे. मला रोज कपाआडून देवाला नैवेद्य दाखवावा लागतो.

३. घरामागची सव्वा एकर जमीन माझ्या वडिलांनी मला चोळीबांगडी म्हणून दिली. पोरांना सरावाला चार महिने हवी, असं म्हणून मानसिंगरावांनी ती मागून घेतली. ते चार महिने अजून संपलेले नाहीत. कालव्याच्या पाण्याची पाळी आली की आधी मैदानाचं गवत भिजतं, उरलं तर माझी वांगी.

मी विषय काढला की ते म्हणायचे, "बारामतीला एकदा हरवू दे. मग तू वांगी लाव, न्हायतर ऊस लाव. मी चकार शब्द बोलनार न्हाय."

म्हणून मी पोरांना अंडी उकडून घातली, निरसं दूध पाजलं. पोरं मला माई म्हणतात. त्यांना वाटतं मला फुटबॉलचं वेड आहे. मला फक्त बारामती हरायला हवी होती.

यंदा साखळी सामन्यात बारामतीने आम्हाला तीन गोल घातले. पुढचे सगळे सामने जिंकून आमची पोरं अंतिम सामन्यात आली, समोर पुन्हा बारामती. या वेळी पोरं एका गोलने जिंकली. मी वांग्याची रोपं आणून ठेवली होती. हे घरी आले तसं विचारलं, "आता मोडायचं ना मैदान?"

"अगं, आता मोडून कसं चालंल? मॅडम चिडल्यात. पुढच्या साली जोर लावून येनार हायेत!"

तोंड बघावं तर नवरदेवासारखं. रोपं गोठ्याच्या भिंतीला वाळून गेली.

मॅडम म्हणजे पद्मा जोगळेकर, बारामतीच्या संघाच्या प्रशिक्षक. रोज संध्याकाळी या दोघांचा फोन असतो. कोणाचा खेळाडू लंगडतो, कोणाचा पंच आंधळा, यावरून आवाज चढवून भांडतात आणि मग खो खो हसतात. मी संशय घेत नाही. पण भाजी खारट झाली तरी हे माझ्याशी भांडत नाहीत, गप्प जेवून उठतात. बाईंनी कोणाला कुठे उभं केलं होतं ते मात्र त्यांना झोपेतही पाठ. माझा जळफळाट होतो. हो, होतो.

४. ही जमीन मी आधी युवराजला लिहून देणार होते. तो दुसऱ्या दिवशी नांगर घालील. तेवढ्यात एकदा फोन मी उचलला. पद्माबाई म्हणाल्या, "माई, मैदान मोडलंत तर सरांना आमच्याकडे पाठवा. आमच्या पोरांना ते हवेच आहेत."

म्हणजे मी मेल्यावर हे बारामतीला बाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसणार! ते व्हायचं नाही. सबब ही जमीन मानसिंगरावांना त्यांच्या हयातीपर्यंत, मैदान म्हणूनच. पाण्याची पाळीही मैदानाला. त्यांच्यामागे युवराजने काय हवं ते पेरावं. मात्र त्यांनी बारामतीच्या संघाला एक दिवस जरी शिकवलं, तर युवराजने त्याच दिवशी ट्रॅक्टर घालावा.

५. सामना हरला की हे जेवत नाहीत आणि कोणाला कळूही देत नाहीत. ते मला कळतं. तिथून फोनवर नुसता आवाज ऐकून पद्माबाईंनाही कळतं, हे मी पाहिलं आहे. तेव्हा माझ्यामागे त्यांनी फोन बंद करू नये. रागवावं, भांडावं, जेवायला लावावं. फक्त माझं वर्षश्राद्ध होईपर्यंत दोघांनी फोनवर हसू नये.

वकिलांनी सांगितलं, ज्याच्या वाट्याला काहीच यायचं नाही असा साक्षीदार घ्या. मला पहिलं नाव त्यांचंच सुचलं.

लिहून ठेवणार : सौ. द्वारकाबाई मानसिंग घाडगे (सही)

आमच्यासमोर वाचून सही केली :
१. पद्मा केशव जोगळेकर, बारामती (सही)
२. रविराज गेणबा फडतरे, दूध संस्थेचे सचिव, कळंब (सही)

ठिकाण : इंदापूर
दिनांक : २० फेब्रुवारी २०२५