आयोनाचा कोट आणि माझं मखमली जॅकेट

ओमारू,
जुलैचा तिसरा सोमवार

तीर्थरूप मोराग ताईस,

तीन स्वेटर, एक कानटोपी आणि बोटं उघडी राहणारे हातमोजे यांच्यासकट धाकट्या फर्गसचा नमस्कार. (हातमोज्यांमुळे अक्षर वळत नाही. ते लहानपणापासूनच वळत नाही हे तुला ठाऊक आहे, पण जुलैच्या या कडाक्याच्या थंडीत निदान सबब तरी असते.) दाजींचा गुडघा कसा आहे? डॉक्टर सांगतात तेवढं चालतात, की डॉक्टरांनाच चालायला लावतात? तुझं पत्र मिळालं. नेल्सनला भर हिवाळ्यात तू व्हरांड्यात बिनस्वेटरची बसतेस, रात्री अंगावर घ्यायलासुद्धा काही लागत नाही, असं तू दोन पानं भरून लिहिलं आहेस. वाचून समाधान वाटलं. ते पत्र मी जपून ठेवलं आहे.

इकडे सगळं क्षेम. आपलं दगडी घर उन्हाळ्यात थंड असतं आणि हिवाळ्यात त्याहून थंड. सकाळी जरा ऊब घ्यावीशी वाटली की मी बाहेर अंगणात जाऊन उभा राहतो. बाबांनी जन्मभरात एकच उपदेश केला, 'गार लागतंय? मग अजून एक स्वेटर चढव,' आणि तो मी तंतोतंत पाळला आहे. माझ्या तिन्ही स्वेटरांना भोकं आहेत, पण ते अशा क्रमानं चढवतो की एकाचं भोक दुसऱ्याच्या भोकावर येत नाही. सोळाव्या वर्षी दुसऱ्याचं फावडं घेऊन कामाला लागलो, अर्ध्या गावाचे नळ आणि गटारं घातली, तीन खोदयंत्रांचा मालक झालो. तरी माझी खरी कारागिरी विचारशील तर ती या तीन स्वेटरांत आहे, असं मला परवापरवापर्यंत वाटत होतं.

आता मुद्द्यावर येतो. आयोना रेनी तुला आठवत असेल. गावातल्या नवऱ्या मुलींचे झगे शिवायची ती. तिचा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. (माझी जीन जाऊन सहा.) जून महिन्यात तिच्या न्हाणीचा नळ मी दुरुस्त करून दिला, तिनं मटणाचा पाय खायला घातला, (आत पावाचा चुरा भरून भाजलेला, तुझ्या हातच्यासारखा नव्हे, पण त्याच्या जवळ जाणारा) आणि मी म्हटलं, रविवारी चहाला या. ती आली. पुढच्या रविवारी आली, त्याच्या पुढच्याही आली. बोलते छान, हसते मोकळं, चहाबरोबर मी भाजलेले स्कोन तीन-तीन खाते. पण ताई, कोट काढत नाही.

कोटाचा अर्थ तुला सांगायला नको. आई म्हणायची, पाहुण्यानं कोट काढला की बटाटे वाढव, आणि नाही काढला तर चहासुद्धा अर्धाच ओत. मी तिन्ही रविवारी दारातच हात पुढे करून विचारलं, कोट घेऊ का. तिन्ही रविवारी उत्तर एकच, राहू दे. आणि गळ्यापर्यंतची बटणं लावलेली.

एवढ्यावर मी गप्प बसलो असतो, पण मागच्या आठवड्यात चर्चच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात मोजे शोधायला गेलो होतो. माझे कान तुला माहीत आहेत. कुठल्या भिंतीत पाणी झिरपतंय ते मी कान लावून सांगतो. तर मी टांगलेल्या कपड्यांच्या मागे होतो आणि गल्ल्यावरची बेरिल कुणाला तरी सांगत होती, "अर्ध्या गावाला गरम पाणी दिलं या फर्गसनं, आणि स्वतःच्या घरात पाहुणीला कोट काढायची सोय नाही. अवतार तरी बघ. शेतातलं बुजगावणं रजा घेऊन घरी आल्यासारखा बसतो." त्या दुसरीनं विचारलं, मग आयोना काय म्हणते? "ती काय म्हणणार? राहायचा विचार असलेली बाई कोट काढते."

मी तिथेच दहा मिनिटं उभा राहिलो. ताई, खरं सांगतो, तिला विचारायचं माझ्या मनात होतं. त्या कपड्यांमध्ये उभं राहून मी ठरवलं की या रविवारी कोट निघाला तर विचारायचं. नाही निघाला तर पुढलं बोलावणं बंद, बाईमाणसाला उगाच अवघडवायचं नाही. एवढं ठरवून मान वर केली, तर समोर एक डाळिंबी मखमली जॅकेट टांगलेलं.

बेत साधा होता. घर ऊबदार आहे असं वाटायला यजमान हलक्या कपड्यांत दिसला पाहिजे. म्हणून वरून पातळ पांढरा सदरा, मखमली जॅकेट आणि गळ्यात रेशमी रुमाल. पायांत मेंढीच्या कातड्याच्या सपातांऐवजी लग्नातले काळे बूट. आणि आतून, कुणाला दिसणार नाही असे, दोन लोकरी बनियन, लोकरी लांब चड्डी आणि पोटावर शेकायची रबरी पिशवी, गाऊनच्या नाडीनं बांधलेली. पिशवीच्या बुचाचं वायसर जुनंच उलटं करून बसवलं. (फेकायचं कशाला?) आरशात पाहिलं. पोट थोडं सुटलेलं दिसत होतं, पण सुखवस्तू माणसाला ते शोभतं.

शेकोटी दुपारी बारालाच पेटवली. लाकडं ओली निघाली. धूर इतका झाला की सगळ्या खिडक्या उघडाव्या लागल्या, आणि आयोना आली तेव्हा घर रस्त्यापेक्षा गार होतं. मी मात्र तिच्यासमोर रुमालानं कपाळ पुसत उभा. म्हटलं, आज जरा उकडतंयच. कोट घेऊ का? तिनं मला बुटांपासून रुमालापर्यंत न्याहाळलं, शिवण बघावी तसं. "राहू दे," ती म्हणाली.

चहाला बसलो. मी जरा हललो की पिशवी डुचमळायची आणि पोटातून गुडगुड आवाज यायचा. तिनं काळजीनं विचारलं, जेवला नाहीत का? मी म्हटलं, घाईत राहिलं. त्यावर तिनं माझ्याच ताटलीतला स्कोन मला वाढला. पुढे तिचा दुसरा कप ओतायला मी वाकलो, पोट टेबलाच्या कडेवर टेकलं आणि वायसरनं दगा दिला. अख्ख्या गावाची गळती थांबवलेला मी माणूस, आणि माझ्याच विजारीतून कोमट पाणी मांडीवरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून त्या लग्नातल्या बुटात. आयोनानं ते पाहिलं. पटकन खिडकीकडे तोंड फिरवून म्हणाली, यंदा दंव फारच पडतंय. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "आमच्या यांनाही शेवटी शेवटी असं व्हायचं. लाजायचं काही नाही, फर्गस."

ताई, कधी कधी माणसाला दोन लाजांतून एक निवडावी लागते. मी जॅकेट काढलं, सदऱ्याची बटणं सोडली आणि तो सगळा कारखाना तिच्यासमोर उघडा केला. म्हटलं, "हे वय नाही, आयोना. हे वायसर आहे."

ती हसली नाही. कप खाली ठेवून उठली आणि तिचा हात गळ्याशी बटणाकडे गेला. मला वाटलं, झालं, निघाली. पण हात एका बटणावर न थांबता खाली खाली येत गेला आणि कोट उघडला. आतल्या अस्तराला दोन कप्पे शिवलेले, बारीक टाक्यांचा गोट लावलेला, आणि दोन्हींत एकेक शेकायची पिशवी. आणि कोटाच्या खाली फ्लॅनेलचा रात्रीचा पायजमा आणि नवऱ्याचा कोपरावर फाटलेला, मच्छीमार घालतात तसला जाड स्वेटर. "चाळीस वर्षं या गावातल्या नवऱ्या सजवल्या मी," ती म्हणाली. "मी घरात अशी असते हे कुणाला दिसलं तर? तुझ्या घरी हा कोट काढायची माझी छातीच होईना." आणि मग मात्र हसली. मीही हसलो. इतके, की पिशवीत उरलेलं पाणीही गेलं.

मग तिनं माझं जॅकेट उलटंसुलटं करून पाहिलं. म्हणाली, पिशवी पोटावर नाही, पाठीवर घ्यायची असते, आणि नाडीनं नाही, कप्प्यात. माझ्या स्वेटरांचा क्रमही दाखवला तिला. विचार चांगला आहे म्हणाली, पण भोकं बुजवणं हाही एक उपाय आहे. "बाहेर जाताना सगळेच नटतात, फर्गस. पण आपल्याला सगळ्यात जास्त बघतो तो घरातला माणूस."

"घरातला कोण?" मी विचारलं.

"ते तू सांग."

मी सांगितलं.

जाताना ती कप्पे शिवायला माझं जॅकेट घेऊन गेली. अंगात माझे तिन्ही स्वेटर, योग्य क्रमानं. भर दुपारी सगळ्या गावातून तशी चालत गेली, आणि बेरिलच्या खिडकीवरूनच रस्ता आहे. कोट इथे खुंटीवर आहे. ने म्हटलं, तर म्हणाली, राहू दे.

तुझा धाकटा,
फर्गस

ता. क. : पत्राला कारण हे, की आईचं ते करड्या चौकड्यांचं मोठं लोकरी ब्लँकेट तू थोरली म्हणून घेऊन गेलीस. अठरा वर्षं मी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. (दर नाताळला काढतो ते धरू नये.) आता नेल्सनला अंगावर घ्यायला काहीच लागत नाही असं तूच लिहून दिलं आहेस, तेव्हा ते टपालानं पाठव. तुझ्या सोयीसाठी तुझ्या पत्राचं ते पान सोबत जोडलं आहे.

आणखी एक ता. क. : लग्न सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी. आयोनाची एकच अट आहे, आणि तू ती बारा वर्षं घालते आहेस. खोली गरम करायचं यंत्र बसवायला माणूस गुरुवारी येतोय. नेमकी जागा बाबांच्या फोटोखाली आहे. फोटो मी कपडे धुवायच्या खोलीत हलवतो आहे. तिथे ऊब अजिबात पोचत नाही, त्यांना बरं वाटेल.

शेवटचा ता. क. : तू म्हणशील, यंत्र आल्यावर ब्लँकेट कशाला? ताई, ते रुंद आहे. थंडीसाठी मागत नाही.