ट्रेलरची नवी जमीन

४ ऑक्टोबर
पोहोचलो एकदाचे! ऑरेगॉनच्या या खाडीकाठी आता मी, माझी पाच वर्षांची मॅरेन आणि एकसष्ट सालचा हा ट्रेलर. घटस्फोटानंतर आमचं म्हणावं असं पहिलंच घर, तेही चाकांवर. शेजारच्या ऑर्व्हिल टॅकेटनं स्वस्तात विकलं. पत्रा अजून चकचकीत आहे, जमीन मात्र कुजलेली. दाराशी तर प्लायमध्ये पावलांएवढे दोन खड्डे. स्क्रूड्रायव्हर टेकवला की लोण्यात जावा तसा आत. मॅरेननं भिंतीतल्या दोन झोपायच्या फळ्यांपैकी खालचा बंक पटकावलाय.

७ ऑक्टोबर
जमीन कशाची करायची याचाच घोळ चालला होता. साधा प्लाय स्वस्त, पण खाडीची हवा त्याला खाऊन टाकणार. मरीन प्लाय टिकतो, पण शेवटी तेही लाकूडच. प्लॅस्टिकची फळी महाग, पण हलकी, आणि पाण्याचा थेंब पीत नाही. मी तीच घेतली. ऑर्व्हिल दर दोन-तीन वर्षांनी साधाच प्लाय घालायचा म्हणे, त्याला रंगाचा हातही न देता. काय हा चिक्कूपणा! फळ्या उतरवताना त्यानं टोमणा मारलाच, "पोरी, ट्रेलर करतेयस की पाणबुडी?" मग हटूनच बसला, दाराशी तरी लाकूड घाल म्हणून. कारण विचारलं तर घरात निघून गेला.

१३ ऑक्टोबर
झाली जमीन! जुने तुकडे फळ्यांवर ठेवून त्यांच्या मापानं नवे कापले, सांध्यांत सिलिकॉन भरलं. जुने ऑर्व्हिलच्या शेडमध्ये टाकले. मॅरेन आणि मी त्यावर नाचलो. फार दिवसांनी बरं वाटलं.

१५ ऑक्टोबर
सकाळी दाराशी पाण्याची दोन थारोळी. पावलांएवढी. छत, खिडक्या, नळ, सगळं तपासलं. कोरडं. पाणी चाखलं, तर खारट.

१६ ऑक्टोबर
आज शेगडीजवळ. बोटंही उमटलीत. बाईचं पाऊल. माझं नाही.

१७ ऑक्टोबर
टेबलापाशी. बोटं बंककडे वळलेली.
ऑर्व्हिलला गाठलं. त्याची बायको आयडेला बुडत्या लेकीमागे खाडीत उतरली होती. दोघीही परतल्या नाहीत. तेव्हापासून ती या ट्रेलरच्या दारापर्यंत यायची, लेकीला शोधत. त्याला माझ्याकडे बघवेना.
"कुजक्या लाकडात तिचे पाय रुतायचे, पोरी. पुढे येता यायचं नाही. तू तिला चालायला जमीन दिलीस."

१८ ऑक्टोबर, दुपार
वादळ. पूल बंद. मॅरेनला ताप. ऑर्व्हिल दार उघडत नाही. मला भीती वाटतेय, फार.
त्याच्या शेडमधला जुना कुजका प्लाय ओढून आणला. बंकसमोर अंथरला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आता तिला ओलांडता — नाही येणार. मी दाराशी बसलेय. मॅरेन झोपलीय.

संध्याकाळ
प्लाय दबलेला नाही. ठसा नाही. देवा, तुझे उपकार —
पण दाराशीही नाही. टेबलापाशीही नाही. सगळं कोरडं. मग हे टपकतंय ते —
प्लायच्या पलीकडे. बंकमधून. मी अंथरला तेव्हाच ती आत —
मॅरेन झोपेत आई म्हणतेय. माझ्याकडे पाठ करून, कुणाच्या तरी ओल्या कुशीत