मूक प्रार्थनेची पाच मिनिटं

नोएडा, २ फेब्रुवारी २०२५

ती. अलकनंदा आत्यास,
मयुराचा सप्रेम सलाम. वि. वि.

प्रार्थनेत कंटाळा येणं हे पाप आहे का? मला उत्तर सापडत नाही. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहून विचारते.

दिल्लीत आर. के. पुरमच्या चर्चमध्ये आमची मराठी ख्रिस्ती मंडळी रविवारी दुपारी जमते. उपदेशानंतर पाच मिनिटं मूक प्रार्थना. ती मला ऑफिसच्या मीटिंगपेक्षाही लांबलचक वाटायची. मुलं तर बाकाखाली मोबाईल काढायची. यंदा पाळकसाहेबांनी भक्तीचा क्रम आखायचं काम मला दिलं आणि मी ती पाच मिनिटं भरून टाकली. तरुण संघातला सुयश कीबोर्ड वाजवतो, पडद्यावर वचनं येतात. माझी मैत्रीण केतकी म्हणते, चलो, आता झोप तरी येत नाही.

पण आपल्या जालन्याचे गुणवंतकाका तीन रविवार आले नाहीत. परवा त्यांनी पाळकसाहेबांना कळवलं, सभासदांच्या यादीतून माझं नाव काढा. मला दिल्लीत खोली मिळवून देणारे काका! मी फोन केला तर म्हणाले, थंडी फार आहे. घरातली पहिली पदवीधर म्हणून तुम्ही मला शहाणी समजता, पण मी काहीतरी बिघडवलंय.

पाप निघालं तरी माया कमी करू नकोस.
तुझी मयुरा


जालना, १३ फेब्रुवारी

चि. मयुरास,
आत्याचे आशीर्वाद.

पदवीधर मुलीने सातवी नापास बाईला पाप कशाला म्हणतात ते विचारावं, कमालच आहे! कंटाळा पाप असता तर अख्खी मंडळी नरकात गेली असती, पाळकांसकट.

दवाखान्यात आया म्हणून बत्तीस वर्षं मी आजाऱ्यांच्या उशाशी बसले. आधी देवाला मागण्या सांगायच्या. त्या संपल्या की कंटाळा. बसूनच राहिलं की मग समोरचं माणूस दिसायला लागायचं. ओठ सुकलेत, उशी सरकली आहे. देवाचा आवाज म्हणशील तर मला कधी आला नाही. एवढंच दिसायचं, आणि ते पुरायचं.

गुणवंतला थंडी कसली बाधते! त्याची शालिनी देवाघरी गेल्यापासून तो असाच आहे. त्याच्या घरी जा. आणि जाऊन भराभर बोलत सुटू नकोस, तुझी ती जुनी खोड आहे.

जेवणाची आबाळ करू नकोस, आणि या म्हातारीवर लोभ ठेव.
आत्या


नोएडा, ९ मार्च

ती. आत्यास,
सप्रेम सलाम. वि. वि.

काल काकांकडे गेले. माफीचं भाषण तयार होतं, ते गिळलं. त्यांनी चहा ठेवला आणि आम्ही नुसते बसलो. मी भिंतीवरचं कॅलेंडर तीनदा वाचलं. खराखुरा कंटाळा आला. मग दिसलं की काकांच्या स्वेटरची बटणं एक घर चुकून लावलेली आहेत. शालिनीकाकू असत्या तर त्यांनी दारातच टोकलं असतं.

बऱ्याच वेळाने काका आपणहून बोलले. काकू गेल्यापासून त्यांचा देवावर राग आहे. गाता येत नाही, आमेन म्हणवत नाही. रागावलेल्या माणसाला देवासमोर बसायला ती पाच मिनिटंच होती, आणि तिथेही आता गाण्याच्या सुरात चेहरा हसरा ठेवावा लागतो. मी रडले. काका म्हणाले, चहा निवतोय.

येतो असं ते म्हणाले नाहीत, आणि मीही विचारलं नाही. पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. मंडळीच्या पंचांपैकी हरीशकाकांनी टोमणा मारला, मुलं पुन्हा मोबाईल काढतील. मी म्हटलं, काढू देत, कंटाळा मलाही येणार आहे.

लेंटच्या उपवासकाळातल्या या पहिल्या रविवारी, आज दुपारी, पडदा गुंडाळला, कीबोर्ड बंद ठेवला. दोघा मुलांनी मोबाईल काढलाच. काका आले नव्हते. तरी मी पाचऐवजी दहा मिनिटं ठेवली, आणि शेवटपर्यंत बसून राहिले.

तुझ्या मायेवर विसंबलेली,
मयुरा