न पडलेली कळी

चि. गोदूस धर्मादादाचा आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. काशीदच्या बंगल्यावर राखणीचं काम बरं आहे, जेवण वेळेवर मिळतं. तुझा गुडघा कसा आहे?

माझ्या नातीला सांग, तो कौल खोटा होता. प्राप्तीने पुण्याला प्रोग्रामिंग शिकावं की म्हसळ्यातच कॉम्प्युटर दुरुस्ती, हे विचारायला मी देवाच्या मूर्तीला उजवी-डावीकडे कळ्या लावून, कुठली आधी पडते ते बघत दोन तास बसलो. एकही पडली नाही. एसटी सुटेल म्हणून उठलो आणि देवाने दुरुस्तीला उजवी कळी दिली, असं तिला सांगितलं. पोर घराजवळ राहावी, एवढंच मनात होतं.

"आजोबा, देवाला कोडिंग कळतं का?" म्हणाली, तरी मुकाट ऐकलं.

पुण्याचा फॉर्म तीस तारखेपर्यंत भरता येतो. तिचं तिला ठरवू दे. फोनवर बोलायला जीभ रेटत नाही. ती शिव्या देईल, त्यासुद्धा लगेच कळव.

तुझा दादा,
धर्मा