प्लिमथच्या बिलियर्ड हॉलची निरवानिरव

मी, काझिमिर बाल्चुनास, वय अडुसष्ट, धंदा बिलियर्ड हॉल (होता), राहणार प्लिमथ, पेनसिल्वेनिया, सध्या मुक्काम पूरग्रस्तांना सरकारने दिलेली चाकांवरची खोली, हे मृत्युपत्र शुद्धीत, कुणाच्याही दडपणाशिवाय आणि एक थेंबही न घेता लिहीत आहे. माझी मुलगी अॅडेल समोर बटाटे सोलत बसली आहे. "शुद्धीत आहात हे लिहिलंत ना, बाबा?" असे तिने आताच विचारले, यावरून तिला शंका असावी. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. तसेही ते घराबरोबर वाहून गेले.

घराविषयी. जूनच्या पुरात घर गेले, जमीन उरली, तीवर चिखल आहे. ती जमीन अॅडेलची. तिने ठेवावी, विकावी किंवा विसरून जावी. बँकेत जे काही असेल तेही तिचेच. तिच्या नवऱ्याने त्यात नाक खुपसू नये. हे वाक्य अॅडेलने खोडायला सांगितले होते. खोडलेले नाही.

हॉलविषयी. हे कलम लांबणार आहे.

माझे वडील खाणीत छत कोसळून गेले. आईने मला जमिनीखाली पाठवणार नाही अशी शपथ घेतली आणि मी मेन स्ट्रीटवरचा हॉल एका म्हाताऱ्या जर्मन माणसाकडून घेतला. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. शनिवारी संध्याकाळी पाळी सुटली की माणसे आंघोळ करून, तरीही डोळ्यांच्या कडांना कोळसा तसाच घेऊन यायची. दिवसभर अंधारात राबलेला माणूस दारातच थबकायचा, कारण पितळी दिव्यांखाली दहा टेबलांवर ताणलेली हिरवी बनात एकदम समोर यायची. भिंतीलगतच्या उंच खुर्च्यांवर म्हातारे बसून प्रत्येक फटक्याला नावे ठेवायचे. चर्चच्या दारात एकमेकांचे तोंड न पाहणारे लिथुआनियन, वेल्श, पोलिश आणि आयरिश इथे एकाच खडूने आपापल्या क्यूची, म्हणजे खेळायच्या काठीची, टोके घासायचे.

चौथे टेबल सर्वांत देखणे होते. ओकचे जाड, नक्षीचे पाय, कडेला शिसवीची नक्षी, चामड्याच्या जाळीचे खिसे. त्यावर एमरिस प्रॉसर खेळायचा. आमच्या खोऱ्यात त्याच्या तोडीचा कुणी नव्हता. देशभर खेळ दाखवत फिरणारा एक पट्टीचा खेळाडू एकदा आमच्याकडे आला होता. एमरिसने त्याला चौथ्या टेबलावर असे हरवले की त्याने आपला क्यू पेटीत ठेवला आणि म्हणाला, "तू इथे खाणीत काय करतोस?" एमरिस म्हणाला, "खोकतो."

एमरिसला जेवायला बोलवायला त्याची बहीण ग्वेन यायची आणि दारातच उभी राहायची. एका डिसेंबरात मी म्हणालो, "आत या की. बाहेर कुडकुडताय."

"स्त्रियांना मज्जाव, असं तुमच्याच दारावर लिहिलंय."

"ते मीच लिहिलंय. पुसतो."

"पुसा आधी. मग बघू."

मी पुसले. पुढच्या वसंतात आमचे लग्न झाले. ती वेल्श प्रोटेस्टंट प्रार्थनामंदिरातली, मी कॅथलिक. माझ्याकडचे कुणी आले नाही, तिच्याकडचा फक्त एमरिस आला. दर रविवारी हॉल बंद असताना ग्वेन फाटलेले खिसे शिवायची आणि मी बनातीवरचा खडू झाडायचो. माझ्या आयुष्यातले सुख कुठे होते असे कुणी विचारले तर ते तिथे होते.

एकावन्न साली ग्वेन गेली. मला ती टेकडीवरच्या आमच्या कॅथलिक दफनभूमीत हवी होती. पाद्र्याला मी राजी करत होतो. एमरिस मध्ये पडला. "ती आमच्या माणसांत निजेल. नदीकाठी. आई-बापाजवळ."

"ती माझी बायको आहे."

"आधी माझी बहीण."

शेवटी नदीकाठ ठरला. मी तिच्या शेजारची जागा माझ्यासाठी घेतली आणि एमरिसशी बोलणे सोडले. तो मात्र दर शनिवारी यायचा, खुंटीला टोपी लावायचा, चौथ्या टेबलावर खेळायचा, टोपी घेऊन जायचा. खाणी बंद झाल्या, पोरे न्यू जर्सीला गेली, घरोघर टेलिव्हिजन आले. दहातली सहा टेबले मी चादरीखाली झाकली. एमरिस येत राहिला, पुढे कोळशाच्या धुळीने भरलेल्या छातीने दगा दिला तेव्हा नुसता उंच खुर्चीवर बसायला. आम्ही एकवीस वर्षे एका छताखाली गप्प होतो.

मग नदी आली. हॉलमध्ये छताला पाणी लागले होते. ते उतरल्यावर मी आणि अॅडेल फावड्याने चिखल काढत होतो, तेव्हा तिला रस्त्यावर कुणीतरी हाक मारली. ती परत आली ती फावडे न उचलताच उभी राहिली.

"बाबा, नदीकाठची दफनभूमी फुटली. कोपराच्या कोपरा गेला. शवपेट्यासुद्धा."

"कुठला कोपरा?"

तिने माझ्या हातातले फावडे काढून घेतले.

ज्यांची ओळख पटली नाही त्यांना नंतर एकत्र पुरले. त्यांत ग्वेन आहे की नाही, कुणीही सांगू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी एमरिस हॉलच्या दारात आला. भिंतीला धरून, धापा टाकत.

"काझ."

मी फावडे चालवत राहिलो.

"टेकडीवर ठेवली असती तर..."

"ठेवली नाही."

"शिव्या तरी घाल रे."

"दमलोय मी, एमरिस."

तो चिखलातच एका खोक्यावर बसला. पुढे रोज येऊ लागला. बाकीची नऊ टेबले ओल्या पुठ्ठ्यासारखी झाली होती, पण चौथ्याच्या बनातीखालचे स्लेटचे तीनही दगड अखंड होते. उन्हाळाभर आम्ही त्याचे लाकूड वाळवले, पाय घासले, दगड धुऊन परत चढवले. एमरिस खाली वाकून डोळ्यांनी पातळी बघायचा आणि बोटाने खूण करायचा. बनातीविनाच मी एक चेंडू सोडला. तो सरळ गेला, तसूभरही ढळला नाही. अॅडेलने टाळ्या वाजवल्या. आणि मग आतला सांधा कुरकुरला, सरस केव्हाच विरघळलेला होता, पाय बाहेर फाकले, आणि तीनही दगड फरशीवर येऊन फुटले.

अॅडेल तुकडे गोळा करायला वाकली. मग एमरिस म्हणाला, "बरं झालं. उगाच आशा लागली असती."

इमारत पाडायची नोटीस दारावर लागली आहे. टेबलांचे जे काही उरले आहे ते तिथेच राहावे आणि इमारतीबरोबर गाडले जावे. फिलाडेल्फियाचा एक जुन्या सामानाचा व्यापारी दोनदा येऊन गेला. "नक्षीचे पाय तेवढे द्या आजोबा, बड्या लोकांच्या तळघरात शोभतात." त्याला काहीही देऊ नये. खिळासुद्धा.

माझा क्यू मी एमरिसला लिहून दिला होता. तो म्हणाला, "मला आता चमचा उचलवत नाही. शिवाय घेणाऱ्याला साक्षीदार होता येत नाही म्हणे. मी सही करतो, तेवढं पुरे." म्हणून ते कलम रद्द. क्यू अॅडेलला. तिला खेळता येत नाही. असू दे.

शेवटचे कलम, माझ्या देहाविषयी. टेकडीवर मी शेजारशेजारच्या दोन जागा घेतल्या आहेत. एमरिसने हे वाचून विचारले, "दुसरी कुणाला?" त्याची स्वतःची जागाही नदीकाठच्या त्याच वाहून गेलेल्या कोपऱ्यात होती, हे मला ठाऊक आहे.

मी म्हणालो, "तुला नाही."

तो म्हणाला, "मी मागितली का?"

तरी लिहून ठेवतो. एका जागेत मला ठेवावे. दुसरी माझी पत्नी ग्वेन हिच्या नावाने कायम रिकामी ठेवावी. तीत एमरिसला, अॅडेलला किंवा अन्य कुणालाही, कितीही अडचण असली तरी, ठेवू नये.

वरील मजकूर वाचून, समजून, खाली सही केली आहे.

काझिमिर बाल्चुनास
प्लिमथ, ४ नोव्हेंबर १९७२

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत त्यांनी सही केली. ते शुद्धीवर होते.

साक्षीदार: फिलोमिना युर्कानिन, शेजारच्या खोलीत राहणार
साक्षीदार: एमरिस प्रॉसर, मयत ग्वेनचा भाऊ. शेवटचे कलम मला मान्य आहे.